कोल्हिणीची निरगाठ

एका डोंगराच्या उतारावर एक जंगल होते आणि त्या जंगलात एक कोल्हीण राहत असे. कोल्हा नव्हता का, असे तुम्ही विचारणार. होता, पण तो पोटापाण्यासाठी दिवसभर बाहेर असे आणि घरी आला की झोपत असे, म्हणून या गोष्टीत त्याचे काही काम नाही. कोल्हिणीला तीन पिल्ले होती. गोष्टीतली कोल्हीण लबाड असायला हवी, पण ही लबाड नव्हती. ही नीटनेटकी होती, आणि आपल्या नीटनेटकेपणाचा तिला फार अभिमान होता. तिच्या बिळापुढे वाळलेले पान पडले तरी ती हातातले काम टाकून आधी ते उचलायची.

आता त्या जंगलाची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. मधोमध बेहड्याचे एक मोठे झाड होते आणि त्याच्याखाली सगळ्यांचा मिळून एक उकिरडा होता. उकिरडा म्हटले की तुम्ही लगेच नाक मुरडाल, पण हा उकिरडा तसा नव्हता. फळांच्या साली, कुजका पाला, लेंड्या असले ओले सगळे खड्ड्यात पडे. तिथे गांडुळे आणि शेणकिडे जेवायला बसल्यासारखे वाट पाहत असत. हाडे, माशांचे काटे, शिंगांचे तुकडे असे टणक आणि टोचणारे काही असले की ते शेजारच्या कातळावर उघड्यावर ठेवायचे. संध्याकाळी एक म्हातारे साळिंदर यायचे आणि ते कुरतडत बसायचे. केस, पिसे आणि असले हलके सगळे पलीकडच्या करवंदीच्या जाळीला अडकवायचे. बुलबुल ते घरट्यात अंथरायला नेत. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हते. उकिरडा मात्र कधी भरत नसे आणि त्याला कधी वासही येत नसे.

बेहड्याच्या पलीकडे गवताच्या एका तुकड्यावर एक भेकर चरत असे. भेकर म्हणजे हरणाचीच एक लहान जात. अंगाने बेताचे आणि स्वभावाने भित्रे. पान पडले तरी ते दचकायचे, आणि त्याबद्दल मुंगूस त्याची चेष्टाही करायचे. पण बिबट्याचा वास आला की हेच भेकर असे काही भुंकायचे की सगळा उतार दणाणून जायचा. मग ससे बिळात, उदमांजर झाडावर, कोल्हिणीची पिल्ले आत. कुणाला बिबट्या कधी दिसायचाही नाही. या कामावर भेकराला कुणी नेमले नव्हते, आणि त्याचे आभार मानायचे तर कुणाच्या मनातही आले नव्हते. सगळे जंगल त्याच्या घशाच्या भरवशावर बिनघोर झोपत होते, एवढे लक्षात ठेवा.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. ओढा आटला आणि डोहात मरळ मासे उघडे पडले. त्या उतारावर मासे खाणारी कोल्हीण एकटीच. इकडे फणसही पिकून पडू लागले होते. तेव्हा तिच्या दारात रोज फणसाच्या साली, मरळीचे काटे आणि पिल्लांचे झडलेले केस असा तीन तऱ्हांचा पसारा पडू लागला. तीन ढीग करायचे, तीन ठिकाणी नेऊन ठेवायचे, आणि तोवर माश्या घोंगावणार. एके दिवशी कोल्हीण वैतागली.

"शी! घर आहे की बाजार!" असे म्हणून तिने पळसाचे मोठे हिरवेगार पान तोडले. सगळा पसारा त्यात लोटला, चारही बाजूंनी पान दुमडले, वरून गुळवेलीचा दोरा आवळला आणि दातांनी ओढून पक्की निरगाठ मारली. निरगाठ म्हणजे एकदा बसली की सहजी न सुटणारी. गाठोडे इतके देखणे झाले की कोल्हीण जरा मागे सरून त्याच्याकडे बघत राहिली. मग ते तिने खड्ड्यात नेऊन ठेवले. एकच फेरी झाली, दार स्वच्छ झाले आणि माशी एकही नव्हती.

वाटेत उदमांजर भेटले होते. ते म्हणाले, "अगंबाई, वहिनी, कुणाकडे द्यायला चाललात हे? बारसं आहे का कुठे?"

"बारसं कसलं! कचरा आहे घरातला."

"कचरा? मुळीच वाटत नाही हो!"

झाले. यापेक्षा मोठी शाबासकी कोल्हिणीला कुणी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी उदमांजराने गाठोडे बांधले, मग मुंगसाने, मग सशांनी. आठवड्याभरात ज्याच्या त्याच्या हातात हिरवे गाठोडे. पूर्वी शेजारी एकमेकांना विचारायचे, "जेवण झालं का?" आता विचारू लागले, "गाठोडं झालं का?" करवंदीच्या जाळीवर केस अडकेनात, म्हणून बुलबुलांनी त्या वर्षी खरखरीत काड्यांवरच अंडी घातली. त्यांनी तक्रार केली नाही. लहानांच्या तक्रारी ऐकायला कुणी नसले की ते तक्रार करायचे सोडून देतात.

साळिंदराने मात्र विचारले. एका संध्याकाळी ते कोल्हिणीच्या दाराशी आले आणि काटे आवरून एका बाजूला उभे राहिले.

"वहिनी, कातळावर आज काही नव्हतं. कालही नव्हतं."

"आहे की, काका. सगळं गाठोड्यात आहे. नीट बांधून ठेवलंय."

"पण कुठल्या गाठोड्यात काय आहे, ते मला कसं कळायचं?"

"वास घ्या ना."

"घेतला. सगळ्यांना फणसाचाच वास येतो."

कोल्हीण हसली. "काका, रागावू नका, पण तुमचं वय झालं. घरात घाण दिसत नाही, उकिरड्यावर घाण दिसत नाही. आणखी काय हवं?"

"दिसत नाही, हे खरं," साळिंदर म्हणाले आणि अंग खुळखुळवत निघून गेले. त्या रात्री ते सागाच्या सालीवर दात घासून उपाशीच झोपले.

खड्ड्यातल्या गांडुळांनी पळसाच्या पानाला खालून चाचपून पाहिले. आत शिरायला फट नव्हती. आतला माल आपल्याच वाफेत आंबला आणि त्याचे कडू पाणी पानातून झिरपू लागले. गांडुळे उतारावरून खाली सरकली, शेणकिडे आपापले चंबूगबाळे आवरून गेले. पूर्वी कधी न भरणारा खड्डा काठोकाठ भरला. तेव्हा बेहड्याखाली सभा झाली.

"एवढा कचरा अचानक आला कुठून?" उदमांजराने विचारले. कचरा पूर्वीइतकाच होता, पण तो कुणी खात नव्हते. हे कुणाच्याच डोक्यात आले नाही.

"रचण्यात चूक आहे," मुंगूस म्हणाले. "गाठोडी ओळीत लावू. एकावर एक."

सगळ्यांना ते पटले. गाठोडी ओळीत लागली. हिरव्या गाठोड्यांची ती उतरंड इतकी सुबक दिसू लागली की शेजारच्या जंगलातून दोन ससे खास ती बघायला आले आणि तोंडभर कौतुक करून गेले. कोल्हिणीला तर त्या दिवशी जेवणाचीही आठवण राहिली नाही, इतका आनंद झाला.

आता भेकराकडे वळू. उन्हाने गवत करपले होते. दर उन्हाळ्यात असे झाले की भेकर उकिरड्याच्या काठाशी यायचे आणि उघड्यावर पडलेल्या साली हुंगून, निवडून खायचे. या वर्षी ते आले तर समोर नुसती गाठोडी. आतून फणसाचा गोड वास येत होता आणि पोटात कावळे ओरडत होते. भेकराने एका लहानशा गाठोड्याची गाठ दातांनी सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण ती निरगाठ होती. रवंथ करणाऱ्या जनावरांची एक खोड असते. ती आधी गिळतात आणि मागाहून निवांत बसून चावतात. भेकराने शेवटी पानासकट, दोऱ्यासकट, गाठीसकट ते गाठोडे चुरडले आणि गिळले.

साली खाली उतरल्या. मरळीचा एक काटा गुळवेलीच्या दोऱ्यात गुंतून घशात आडवा बसला.

भेकराने ओरडायला तोंड उघडले, पण आवाज फुटेना. खाकरावे तर काटा आणखी रुतायचा. ते बिचारे उदमांजराकडे गेले आणि मान वर करून उभे राहिले.

"खोकला झालेला दिसतोय," उदमांजराने लांबूनच सांगितले. "अडुळशाची पानं चघळ. दोन दिवसांत मोकळं होईल."

मुंगूस म्हणाले, "सारखं भुंकत असतं, म्हणून बसला घसा. जरा विश्रांती मिळेल आम्हालाही!"

काय खाल्लेस, असे कुणीही विचारले नाही. विचारले असते तरी भेकराला सांगता आले नसते, पण विचारायला काय हरकत होती? मला या ठिकाणी दर वेळी राग येतो. असो.

दोन-तीन दिवसांनी, उन्हे कलली होती त्या वेळी, कोल्हीण बिळापुढे बसून दिवसाचे गाठोडे बांधत होती. तिन्ही पिल्ले अंगणात फणसाच्या एका आठळीशी खेळत होती. एक ती आठळी पळवायचे आणि बाकीची दोन त्याच्या शेपटीला धरायची. वारा डोंगराकडून येत होता, आणि त्या वाऱ्यात जे होते ते फक्त भेकराच्या नाकाला कळले.

ते गवतातून धावत आले आणि कोल्हिणीच्या समोर उभे राहिले. त्याने तोंड उघडले. आवाज नाही. त्याने पुढचा पाय आपटला आणि पुन्हा तोंड उघडले, मान ताठ करून, डोळे फाडून. आवाज नाही.

कोल्हिणीने वर पाहिले. तोंड वासून उभे असलेले भेकर आणि आपल्या पुढ्यातल्या फणसाच्या साली. तिला त्याचा एकच अर्थ कळला.

"आलं का? वास बरा लागतो तुला!" ती म्हणाली. "थांब जरा. गाठ मारू दे."

भेकर थांबले नाही. ते पिल्लांमध्ये घुसले. एकाला त्याने कपाळाने ढुशी मारून बिळात ढकलले. ते पिल्लू केकाटले. दुसऱ्याला ढुशी मारली, तेही आत गडगडले.

"ए! खुळं झालं की काय! पिल्लांना मारतंय माझ्या!" असे कोल्हिणीला ओरडायचे होते. पण दोऱ्याचे टोक तिच्या दातांत होते, आणि गाठ अर्ध्यात सोडली तर सैल पडते. तिने आधी गाठ ओढली.

तेवढ्यात बिबट्या आला. त्याने डरकाळी फोडली नाही की धूळ उडवली नाही. तिसरे पिल्लू आठळी तोंडात धरून उभे होते. बिबट्याने ते मानेला धरून उचलले आणि घळीच्या बाजूने निघून गेला. आठळी अंगणात पडली.

कोल्हीण त्याच्या मागे धावली. बिबट्याच्या मागे कोल्हिणीने धावून काय होणार, हे तिलाही ठाऊक होते, पण ती धावली. घळीच्या काठापर्यंत गेली, तिथे तिचे पाय थांबले आणि तिने पिल्लाला हाक मारली. एकदा नाही, अनेकदा. खालून काही उत्तर आले नाही.

भेकरही धावले होते. बेहड्याखालच्या कातळावर त्याचे खूर घसरले आणि ते छातीवर आपटले. त्या आदळीने घशातला काटा उसळून रक्तासह बाहेर पडला. तेव्हा त्याला आवाज फुटला. भेकर भुंकले, पुन्हा भुंकले, भुंकतच राहिले. सगळा उतार दणाणला. मुंगूस बिळात शिरले, उदमांजर झाडावर चढले, ससे दिसेनासे झाले. सगळे रोजच्यासारखे झाले. बिबट्या मात्र तेव्हा पलीकडच्या डोंगरावर होता.

कोल्हीण परत आली ती कातळावरूनच आली. तिथे भेकर पाय दुमडून बसले होते आणि त्याच्या तोंडातून अजून लाल लाळ गळत होती. शेजारी साळिंदर होते. दोघांच्या मधे एक लांब, वाकडा काटा पडला होता. त्याला गुळवेलीचा दोरा गुंडाळलेला होता आणि दोऱ्याला गाठ होती. गाठ अजून सुटलेली नव्हती.

कोल्हिणीने तो काटा हुंगला. मरळीचा होता. त्या जंगलात मरळ कोण खाते, हे तिला कुणी सांगायला नको होते.

"मी नीट बांधलं होतं," ती म्हणाली.

"नीटच बांधलं होतं, वहिनी," साळिंदर म्हणाले. "त्यात खोट काढत नाही मी."

मग साळिंदर हळूच म्हणाले, "हा इथं कातळावर ठेवला असता, तर मी त्याच दिवशी खाऊन टाकला असता. दोन घासांचं तर काम होतं."

कोल्हीण तिथेच रडली. कोल्हिणी रडत नाहीत असे काही जण सांगतात. त्यांनी ही कोल्हीण पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उकिरड्यावर गेली. दोन्ही पिल्ले तिने बरोबर घेतली, कारण आता त्यांना एकटे सोडायचा तिला धीर होत नव्हता. तिने वरच्या ओळीतले पहिले गाठोडे उचलले आणि दातांनी गाठ सोडवू लागली. आतून असा भपकारा आला की तिला उलटी झाली. तिने तोंड पुसले आणि आतले वेगळे केले. साली खड्ड्यात, काटे कातळावर, केस जाळीवर. मग दुसरे गाठोडे. बांधताना प्रत्येक गाठ क्षणात बसली होती, सोडवताना मात्र तिच्या हिरड्यांतून रक्त आले.

उदमांजर झाडावरून म्हणाले, "वहिनी, जे व्हायचं ते होऊन गेलं. आता हे उकरून काय मिळणार?"

कोल्हिणीने वर पाहिले नाही. "यात माझे आणखी काटे आहेत," ती म्हणाली.

उदमांजर जरा वेळ फांदीवर घुटमळले. मग खाली उतरले आणि आपले एक गाठोडे ओळखून ओढू लागले. त्यात काय निघाले ते त्याने कुणाला दाखवले नाही, पण गुपचूप कातळावर नेऊन ठेवले. सशांनीही आपली गाठोडी सोडली. मुंगूस दोन दिवस आले आणि तिसऱ्या दिवशी त्याला फार महत्त्वाचे काम निघाले; अशी मुंगसे सगळीकडे असतात. पण त्याच्यावाचून काम अडले नाही. पावसाळा लागेपर्यंत उतरंड संपली होती. गांडुळे परत आली, खड्डा खाली बसला, बुलबुलांना दुसऱ्या विणीला मऊ अंथरूण मिळाले आणि साळिंदर संध्याकाळी कातळावर कुटकुट आवाज करत बसू लागले.

कोल्हीण पुन्हा रोज तीन ढीग करू लागली आणि तीन फेऱ्या घालू लागली. माश्या येत. ती शेपटीने वारत असे. काटा हाती आला की कातळापर्यंत तो ती दातांत धरून नेई. वाटेत कुणी बोलायला थांबले तरी बोलत नसे.

भेकराचा घसा बरा झाला, पण आवाज कायमचा घोगरा राहिला. तो घोगरा आवाज उतारावर उठला की कोल्हीण असेल ते काम टाकून धावायची आणि पिल्लांना आत घ्यायची. एक आले. दुसरे आले. मग बिळाच्या तोंडाशी ती उगाच थोडा वेळ आणखी उभी राहायची.

तात्पर्य : गाठ मारलेला कचरा दिसत नाही, पण तो नाहीसाही होत नाही. ओले, सुके आणि टोचणारे आपल्याच दारात वेगळे करावे. कारण आपण न पाहता फेकलेला काटा कुणाच्या घशात जाईल, आणि त्या घशावर आपले काय काय विसंबून असेल, हे फेकताना कुणालाच ठाऊक नसते.